नमुन्याची फुंकर

"आतलं समदं भाईर सोडा, पावणं. शिल्लक कायबी ठेवू नका." असं म्हणून मामा आधी स्वतःच पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि फुंकून दाखवायचे. समजावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या अंगावर घेऊन समजावणारा मी एवढा एकच पाहिला. आजही कुणी त्या नळीत फुंकलं की मला आधी पडद्यावरची मामांची रेघ दिसते.

इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर आमचं संशोधन चाललं होतं. फुंकर मोजायचं यंत्र हाताळायला मी कोल्हापुरातून रोज बसने जायची. कामगारांना तपासणीसाठी तयार करायला ते होते. उभी हयात मागावर गेलेली, म्हणून शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणायची.

एका बिहारी विणकराला भीती होती, फुंकर कमी पडली तर काम जाईल. मामा त्याच्याजवळ बसले, मोडक्यातोडक्या हिंदीत त्याच्या गावच्या आंब्यांची चौकशी केली, मग फुंकून दाखवलं. पडद्यावर रेघ जेमतेम चढली आणि आडवी झाली. "बघा, म्हाताऱ्याची एवढी. तुमची दुप्पट पायजे." विणकर हसला आणि फुंकला.

संशोधनाच्या पगारावरचा माणूस अभ्यासात घ्यायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे मामांच्या नमुन्याच्या फुंकरा मी रोज काम आटोपताना पुसून टाकायची. पुसताना आकडा दिसायचाच. दिवाळीनंतर तो उतरत गेला. यादीतल्या कुणाचा तसा आला असता, तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी त्याच्या हातात दिली असती. मामांचा आला की म्हणायची, नुसतं दाखवायचं म्हणून फुंकतात, पुरतं कुठे फुंकतात. हे मला खरंच वाटत होतं का, ते आज सांगता येत नाही.

एकदा विचारलं, जिना चढताना दम लागतो का. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"यंत्रात काय दिसलं काय?"

मागे रांग ताटकळली होती. मी नाही म्हटलं.

"मग झालं की," म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

उन्हाळ्यात ते यायचे थांबले. महिन्याभरात गेलेच.

भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला आत बोलावून शेजारी बसवलं. डॉक्टरकडे चला म्हणून मुलांनी किती विनवलं, पण ऐकलं नाही, असं ती सांगत होती.

"म्हणायचे, माझी रोज तपासणी हुतीया की. काय असतं तर त्या बाईंनी सांगितलं असतं."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. एवढं सांगून तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, तुम्ही त्यांची लई काळजी घेतलीसा.