डब्यावर बसलेले नरहरराव

नरहररावांशी बोलायला गेलं की ते आधी एक बोट वर करीत आणि मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत. समोर खुद्द तालुकदारसाहेब का असेनात. आवाज मनासारखा लागला की बोट खाली येई. “हाव, बोला आता.”

निजामाच्या अमदानीतली ती अखेरची वर्षं. नांदेडच्या एका जिनिंग कारखान्यात मी कापसाची प्रत ठरवायचो आणि नरहरराव तिथले इंजिनियर होते. मूळचे देगलूरकडचे, शिक्षण हैदराबादेत उर्दूतून. रागावले की तेलुगूत, खुशीत आले की उर्दूत आणि एरवी मराठीत बोलत. कुणी घाई केली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “जरा इत्मिनान ठेवा.” आमच्या शेठजींना या वाक्याची चीड होती.

जर्मनीशी लढाई चालू होती, विलायतेचा माल बंद झाला होता, आणि ऐन हंगामात इंजिनाची झडप जळाली. जळका धूर बाहेर सोडणारी ही पोलादी झडप चालत्या इंजिनात लालभडक होते. सारखी तापून तिची कड नरम पडली आणि झिजून गेली. इंजिन थांबलं. अंगणात कापसाच्या गाड्या अडल्या आणि सरकी काढणाऱ्या बाया रोजावाचून भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्यासमोरून जाताना नरहरराव मान खाली घालीत.

त्यांच्यापाशी कोबाल्टच्या मिश्रधातूच्या थोड्या कांड्या होत्या. लढाईआधी हैदराबादच्या मित्राकडून हट्टानं आणलेल्या. हा धातू लाल झाला तरी कडक राहतो, म्हणून झडपेच्या कडेवर त्याचा थर चढवायचं त्यांनी ठरवलं. गॅसची ज्योत धरून ते मला समजावत होते, “पोलादाला नुस्ता घाम फुटू द्यायचा, वितळू द्यायचं न्हाई. लोखंड वरच्या थरात मिसळलं की त्याची सारी ताकद जातीय.”

पहिला थर सुरेख बसला. झडप सावकाश निवावी म्हणून त्यांनी ती गरम राखेत पुरली. त्यांनी जिलेबी मागवली. पण शेठजींना धीर निघेना. त्यांनी गरम झडप राखेतून उपसून वाऱ्यावर ठेवायला लावली. टण्ण आवाज झाला आणि थराला तडा गेला. नरहररावांनी जिलेबी सगळ्यांना वाटून टाकली. “आणलीय तर खाऊन घ्या. उद्या परत करू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थर नव्यानं चढवला, झडप गरम राखेच्या डब्यात पुरली, झाकण लावलं, वर गोणपाट टाकलं आणि स्वतःच डब्यावर बसले. आता शेठजी काय करणार?

नेमकं त्याच दुपारी त्यांच्या मुलीला, कमलला, बघायला औशाहून पाहुणे आले. मुलगा शाळामास्तर, बाप मोठा करडा. नरहररावांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला पिटाळलं, त्यांना उठवून आणा म्हणून. तुमच्या जागी मी बसतो, असं मी म्हटलं तर नरहरराव हसले. “तुमी शेठजीचे नोकर. त्यांनी डोळे वटारले की उठाल.” हे खरंच होतं.

शेवटी पाहुणेच इंजिनघरात आले. नरहररावांनी बसल्या जागेवरून हात जोडले आणि उठता येत नसल्याची माफी मागितली. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. आम्ही मुलगी बघायला आलोय, डबा नव्हे, असं म्हणून ते वळलेच. दारात शेठजी उभे होते, ते नरहरराव उठायचीच वाट बघत होते. नरहररावांच्या कपाळावर घाम आला; पण ते हलले नाहीत.

तेवढ्यात कमल आली. नवं इरकली लुगडं, हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे माझ्याकडे दिला.

“बाबा, तुमी उठा. मी बसते. पाहुण्यांना घरी न्या.”

ते निमूट उठले. एवढा विश्वास त्यांचा त्या कारखान्यात दुसऱ्या कुणावर नव्हता. कमल लुगडं सावरून डब्यावर बसली आणि शेठजी कपाळाला हात लावून निघून गेले. मुलगा तिथंच रेंगाळला. आत काय आहे, असं त्यानं विचारलं. तिनं झडपेची सगळी हकिगत सांगितली आणि त्याचा हात झाकणाकडे जाताच म्हणाली, “हात नका लावू.”

मास्तरानं तिथल्या तिथं होकार दिला. त्याला न्यायला परत आलेला बाप पुटपुटला, “आता घरात हट्टीच लोकं वाढतील.” तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी झडप निघाली, तडा नव्हता. ती हंगामभर टिकली. इंजिन धडधडू लागलं तेव्हा बायांनी बोटं मोडून नरहररावांची दृष्ट काढली आणि ते चक्क लाजले.

पुढं ते लातूरच्या कारखान्यात गेले आणि काही वर्षांनी, कापसाच्या ऐन दिवसांत, झोपेतच वारले. मी पोचलो तेव्हा तिथले मालक त्यांच्या मानासाठी इंजिन थांबवायला निघाले होते. वहिनींनी डोळे पुसून त्यांना अडवलं. “बंद नका करू. त्यांना आवडायचं न्हाई.”

अंत्ययात्रा कारखान्यावरून गेली. इंजिन पूर्ण जोरात चालू होतं आणि खांदेकऱ्यांची पावलं नकळत त्याच्या ठेक्यावर पडू लागली. एक म्हातारेबुवा हळू चला, हळू चला म्हणत राहिले, पण आम्हा कुणालाच ते जमेना.