हलकुडे सरांचा भीतीचा अभ्यास

भीमाशंकर हलकुडे आणि मी लातूरच्या एकाच कॉलेजात लागलो. मी मराठी शिकवायचो, ते इतिहास. ते मूळचे नागूरवाडीचे. किल्लारीच्या पुढं, तेरणा नदीच्या बाजूला हे गाव. घरची काळी जमीन थोरले भाऊ गुरुबसप्पा बघायचे. घरात आई होती, तिला सगळे अव्वा म्हणायचे. गुरुबसप्पांची बायको शिवकांता, आणि त्यांची एकुलती एक मुलगी आरती. सरांचं लग्न व्हायचं होतं. आधी पीएचडी, मग लग्न, असं ते सांगायचे, आणि पीएचडी काही लवकर होण्यातली नव्हती, कारण विषय फ्रान्सचा होता.

आमच्याकडं इतिहासाची मंडळी बहुतेक निजामाचा काळ घेतात, नाहीतर जवळपासचे शिलालेख. सामग्री हाताशी असते, गाइडही खूष असतो. सरांनी घेतला १७८९ चा उन्हाळा. त्या वर्षी पॅरिसमधे क्रांती झाली हे शाळेच्या पुस्तकातही असतं. सरांना पॅरिसचं फारसं काही नव्हतं. त्याच दिवसांत तिथल्या खेड्यापाड्यांत आवई उठली होती, की दरोडेखोरांच्या टोळ्या निघाल्यात, उभं पीक कापून नेणार, घरं जाळणार. लोक घरं सोडून रानात जाऊन राहिले. कुठं जनावरांच्या पायांची धूळ उडालेली दिसली, तर फौजच आली म्हणून चर्चची घंटा बडवली. एका गावानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. टोळ्या कुठंच आल्या नाहीत.

हे सगळं मुळातून वाचता यावं म्हणून ते फ्रेंच शिकले. शनिवारी एसटीनं हैदराबादला जायचे, रविवारी तिथल्या एका बाईंकडं धडे घ्यायचे आणि सोमवारी पहिल्या तासाला हजर. स्टाफरूममधे त्यांना फ्रेंच सर म्हणत. थोडी चेष्टा असायची त्यात, थोडा मानही.

"भीतीला कारण लागत नाही," ते मला डबा खाताना सांगायचे. "रस्ता लागतो फक्त. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता असला की भीती पोचली."

त्यांचा प्रबंध हाच होता. गाइडना तो फार आवडला होता.

ब्याण्णव साली नागूरवाडीच्या बाजूला जमिनीतून आवाज यायला लागले. आधी लोकांना वाटलं, कुठं तरी सुरुंग लावून राहिलेत. मग भांडी वाजायला लागली, भिंतींची माती झडायला लागली. त्या पट्ट्यातली घरं सगळी माळवदाची. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडाच्या तुळयांवर अंथरलेली टनभर माती. लोक घाबरले आणि शेतात झोपायला लागले. साहेबलोक आले, बघून गेले, काळजीचं कारण नाही म्हणाले. पुढं आवाज कमी झाले, तसे बरेच जण घरात परतले. शिवकांतावैनी मात्र परतल्या नाहीत. त्यांनी शेतात पत्र्याचं शेड घालून घेतलं होतं. दिवसभर घरातलं काम उरकायचं आणि अंधार पडायच्या आत अव्वाला आणि आरतीला घेऊन शेडात जायचं, असं त्यांचं वर्षभर चाललं होतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गौरी-महालक्ष्म्यांच्या सणाला सर गावी गेले. पाऊस लागून होता. शेडात चिखल, अव्वाला खोकला, आरतीच्या पायाला काहीतरी चावून सूज आलेली. सरांना ते बघवलं नाही.

"वैनी, किती दिवस असं रानात राहायचं?"

"मला घरात झोप येत न्हाई, भावजी. भिंतीकडं बघितलं की धडधडतं."

त्या संध्याकाळी मठापुढच्या ओट्यावर दहापाच लोक बसले होते. सरांनी त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगितली. सांगायची हातोटी चांगलीच होती त्यांची. घंटा, धूळ, रानात पळालेली बायकामुलं, आणि शेवटी निघाल्या त्या गायी. लोक हसले. "म्हंजे चोर आलेच न्हाईत?" एकानं विचारलं. "चोर आलेच नाहीत," सर म्हणाले, "नुसती भीती आली. आणि तिच्यापायी माणसं रानात भिजून आजारी पडली."

अव्वा मागं बसून ऐकत होती. घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "भीमू एवढं शिकलाय. तो म्हणतो तर जाऊ घरात." दुसऱ्या दिवशी अंथरूणपांघरूण घरात आलं. आरतीची गादी सरांनी स्वतःच्या खांद्यावरून आणली. मग ते लातूरला परत आले.

गणपती बुडवले त्याच रात्री, पहाटेच्या आधी, भूकंप झाला.

लातूरला आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. सर उघडेबंब, पायात चप्पल नाही. उजाडायच्या सुमाराला किल्लारीचं नाव कुणाच्या तरी तोंडून आलं आणि त्यांनी एका जीपवाल्याचा हात धरला. मी त्यांच्याबरोबर गेलो. गावात शिरल्यावर त्यांना स्वतःची गल्ली सापडेना. गल्ली नव्हतीच. मातीचे ढीग होते आणि त्यातून तुळया वर आल्या होत्या. गुरुबसप्पा त्या रात्री सोयाबीनच्या राखणीला शेतात होते, म्हणून वाचले. ते दोन्ही हातांनी माती उपसत होते. वैनी जिवंत निघाल्या, कमरेखाली चेचलेल्या. अव्वा आणि आरती एकाच पांघरुणात होत्या.

सर रडले नाहीत. लोक प्रेतं एकत्र ठेवत होते, लाकूड पुरत नव्हतं, पावसानं ते पेटत नव्हतं. त्या धुरात ते प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत उभे होते. कुणीतरी आपल्याला काही बोलेल याची वाट बघत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कुणी काही बोललं नाही. ओट्यावर हसलेल्यांपैकी निम्मे तर उरलेच नव्हते.

त्यानंतर गाइडनी त्यांना बोलावून घेतलं. प्रबंध जवळजवळ पुरा होता, फक्त टंकलेखन राहिलं होतं.

"दुःख मोठं आहे, हलकुडे. पण काम सोडू नका."

"प्रबंध चुकलाय, सर."

"काय चुकलंय त्यात? मराठवाड्याच्या भूकंपाचा आणि १७८९ चा काय संबंध?"

"लोक भिऊन राहिले होते. मी त्यांना खुळ्यात काढलं," ते म्हणाले. त्यांनी प्रबंध दिलाच नाही. नोंदणीची मुदत संपली, बढती गेली. लग्नाचं कुणी काढलं तर उठून जायचे. गावाचं पुनर्वसन झालं, सिमेंटची एकसारखी घरं झाली, रुंद रस्ते झाले. दर दिवाळीला सर तिथं जायचे, एक दिवस राहायचे, यायचे. भाऊ आणि वैनी त्यांच्याशी नीट वागायचे. त्या दिवसाचा विषय कधी निघायचा नाही, आणि तेच त्यांना सोसायचं नाही.

इकडं लातूर बदलत होतं. बोर्डात लातूरची मुलं यायला लागली, मग सगळ्या महाराष्ट्रातून पोरं इथं शिकायला यायला लागली. गल्लोगल्ली क्लास, खानावळी, एकेका खोलीत चारचार कॉट. ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. इतिहासाला कोण येणार? सरांच्या वर्गात दोन बाकं भरायची, पुढं तीही रिकामी राहायला लागली. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. सायन्सच्या मुलांना मराठीपेक्षा फ्रेंचला जास्त मार्क पडतात, असं कळलं होतं.

"तुम्हाला फ्रेंच येतं ना? मग अकरावी-बारावीला घ्या. स्कोरिंग विषय आहे."

सरांनी होकारार्थी मान हलवली आणि ते फ्रेंच घ्यायला लागले. काही वर्षांनी एका क्लासवाल्यानंही त्यांना बोलावलं. रिंगरोडवर पत्र्याच्या हॉलमधे शेसव्वाशे मुलं, हातात माइक. मी एकदा मागं जाऊन बसलो होतो. सर एका वाक्यातला शब्द समजावून सांगत होते, तो शब्द कुठून आला, शेतकरी तो कसा वापरायचे. पुढच्या बाकावरचा मुलगा उठून अदबीनं म्हणाला, "सर, अर्थ नको. पेपरात काय लिहायचं तेवढं सांगा." सरांनी तेवढं सांगितलं. नंतर ते तसंच शिकवायला लागले. त्यांच्या मुलांना पैकीच्या पैकी मार्क पडायचे आणि एकालाही फ्रेंच येत नसायचं. "बरं आहे," ते मला म्हणाले होते. "यात कुणाचा जीव जात नाही."

असं वय सरत गेलं. निवृत्तीला थोडा अवकाश असताना नांदेडहून एक मुलगी त्यांना शोधत आली. लुबना नाव. वडील जावेदभाई, इतवाऱ्यात त्यांचं घड्याळांचं दुकान. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि विष्णुपुरीच्या विद्यापीठात युरोपच्या इतिहासावर पीएचडी करत होती.

"सर, नांदेडपासून लातूरपर्यंत फ्रेंच वाचणारं इतिहासाचं माणूस तुमच्याशिवाय कुणीच नाही मिळालं मला. अब्बू म्हणाले, जाऊन तर बघ."

"मी मार्कांपुरतं शिकवतो, बेटा. संशोधन सोडलं मी."

"विषय तरी ऐका. १७८९ च्या उन्हाळ्यातली भीती."

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग तिला जा म्हणाले. ती गेली, पण जाताना नेटवरून काढलेले दोन लेख टेबलावर ठेवून गेली. सरांनी ते दोन बॅचच्या मधे, चहा थंड होऊ देत वाचले. अलीकडचं संशोधन होतं. तिकडच्या अभ्यासकांनी गाव न् गाव घेऊन तपासलं होतं, की भीती कोणत्या दिवशी पोचली, तिथं धान्याचा भाव काय होता, जमिनी कुणाच्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की त्या लोकांना वेड लागलेलं नव्हतं. त्यांच्या भीतीला त्यांच्या जगण्यात धड कारण होतं. टोळ्या आल्या नाहीत, एवढ्यावरून भीती खोटी ठरत नाही.

त्यांनी लुबनाला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. मठाचा ओटा, गादी, सगळं. मी तिथं होतो. पोरगी हादरली. तिनं अशी कुठली गोष्ट अपेक्षिली नव्हती. वही मिटून म्हणाली, "सर, त्या वेळी जे लिहिलं गेलं होतं तेच तुम्ही सांगितलंत. सगळे तेच सांगत होते."

"सगळे आमच्या घरी आले नव्हते," सर म्हणाले.

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, गावाला चला. माझ्या स्कूटरवर गेलो. गुरुबसप्पा तोवर वारले होते. वैनी एकट्याच होत्या, काठी घेऊन चालायच्या. त्यांनी चहा केला. सरांनी कप हातात घेतला आणि सरळ विचारलं.

"वैनी, मी म्हणालो म्हणून तुम्ही घरात आला होता का?"

मला वाटलं त्या नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं, की पाऊस होता, अव्वाला खोकला होता, आज ना उद्या आलोच असतो. वैनींनी काठी भिंतीला टेकवली.

"हाव," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळंच आलो. मला यायचं नव्हतं. मी सासूबाईला लई सांगितलं. त्या म्हणल्या, भीमू म्हणतो."

सरांनी कप खाली ठेवला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्या अण्णानं शपथ घातली होती. म्हणले, घरात एक तेवढा उरलाय, त्याला बोलू नको. त्यो बी जाईल." मग त्या म्हणाल्या, "आता अण्णा न्हाईत. तुमी विचारलं, मी सांगितलं."

"मला माफ..."

"ते मागू नका, भावजी. मला देता येत न्हाई."

परतताना त्यांनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. वाटेत मला थांबवावं लागलं. रस्त्याच्या कडेला बसून ते पोटातून रडले, इतक्या वर्षांनी.

लुबनाला त्यांनी मनापासून शिकवलं. दर रविवारी ती नांदेडहून यायची आणि दोघं एकेक उतारा लावत बसायची. तिचा प्रबंध झाला, चांगला झाला. तोंडी परीक्षेला आम्ही दोघं विष्णुपुरीला गेलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या विषयाचा आपल्या भागाला उपयोग काय?" तिनं एकवार सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. तिनं उत्तर फ्रान्सपुरतंच दिलं. पदवी मिळाली. नोकरी नाही मिळाली. कॉलेजांत इतिहासाच्या जागाच निघत नव्हत्या. आता तीही नांदेडच्या एका क्लासमधे फ्रेंच शिकवते. ते कळलं तेव्हा सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

ते आता थकलेत. वैनींकडं पूर्वी वर्षातून एकदा जायचे, आता महिन्याकाठी जातात. एकदा तोंड उघडल्यापासून वैनी त्यांच्याजवळ आरतीबद्दल बोलतात. तिला कैरी किती आवडायची, शाळेतून येताना कशी पळत यायची, आज असती तर तिची पोरं केवढी झाली असती. सर समोरच्या पाटावर बसून ऐकतात. परत आले की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. मी एकदा म्हणालो, झेपत नाही तर जाता कशाला?

"त्यांना ऐकायला दुसरं कुणी नाही," ते म्हणाले आणि एसटीच्या वेळा विचारायला लागले.