मामाच्या गाडीतला धूर

सोल्डरिंगचा वास आला की मला मामाची जुनी गाडी आठवते. उल्हासनगरहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर मागच्या सीटवर ठेवून मी तो सोल्डरिंग करून तिच्या स्टिरिओला जोडत होतो. बॉनेट उघडून शेवटची वायर बॅटरीला लावली, गाणं दणक्यात सुरू झालं आणि मागच्या सीटवरून धूर निघाला. “मामा, जळलं सगळं,” म्हणत मी वायर उपटली. गाणं थांबलं, धूर थांबेना. तेवढ्यात मामी घराच्या दारातून म्हणाली, “अरे, नवीन मशीन ना, मघाशी मीच उदबत्ती लावली. केळ्यात खोचलीय बघ.” सोल्डरिंगच्या वासाने भरलेल्या माझ्या नाकाला ती कळलीच नव्हती. मी तिथेच घराच्या पायरीवर बसलो. मामा म्हणाला, “आता लाव गाणं.” अजूनही कुठे धूर दिसला की मी आधी उदबत्ती शोधतो.