दक्षिणेकडचा दिवा

माझा थोरला भाऊ धाटावच्या एका कंपनीत डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. तिथून तो अंटार्क्टिकाच्या मोहिमेत जनरेटर सांभाळायला गेला आणि रोह्यात आमचे वडील एका रात्रीत 'ध्रुव संशोधकाचे वडील' झाले. न्हाव्यासमोर मान वाकवूनसुद्धा ते हीच ओळख सांगत.

त्या जानेवारीत निरोप आला. दादा आणि एक सोबती गाडी घेऊन तळाबाहेर गेले, हिमवादळ उठलं, आता संपर्क नाही. फोन समोरच्या किराणा दुकानात आला, म्हणजे आमच्याआधी अर्ध्या आळीला कळलं. वडिलांची टकळी बंद पडली.

आईला ध्रुव माहीत होता तो एकच, लग्नात नवरीला दाखवतात तो. ती तिन्हीसांजेला अंगणात पणती लावून उत्तरेकडे हात जोडू लागली. वहिनी पेणची, भूगोल पक्का आणि जिभेला हाड नाही.

"आई, ते दक्षिण ध्रुवाला हायेत. उलट्या अंगाला."

"दक्षिण बोलू नको गो! यमाची दिशा ती."

"पण ते तिकडंच हायेत ना?"

झालं, युद्ध पेटलं. वहिनी तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने पणतीचं तोंड दक्षिणेला करी. आई वाळत घातलेलं लुगडं काढायला जाई आणि ते उत्तरेला फिरवी. लुगडं केव्हाच घडी होऊन आत आलेलं असे. मला हसू यायचं आणि लगेच विरायचं, कारण वहिनी ताटावर नुसती बसून उठत होती.

शेजाऱ्यांनी पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा पाठवल्या. दादाच्या फार आवडीच्या. कोणी हात लावला नाही.

"चार दिवस पेणला जाऊन ये," आई म्हणाली.

"ते आले की हितंच येतील. मी नाय हलायची."

संध्याकाळी आईने स्वतः पणती लावली, दक्षिणेकडे तोंड करून ठेवली आणि वहिनीला हाताला धरून शेजारी बसवलं. "बघू दे यमाला," ती म्हणाली, "पोराच्या मागं दोघी बसल्यात."

मग एका सकाळी दुकानदार पायात चपला न घालता धावत आला. दोघं गाडीतच दडून बसले होते. जिवंत सापडले. वडील ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले आणि डोळे पुसून लगेच न्हाव्याकडे गेले.

दादा घरी आला तेव्हा आईने दिव्याची कथा रंगवून सांगितली. तो खो खो हसला. "अगो आई, तवा तिथं सूर्य मावळतच नाय! तुझा दिवा दिसणार कुणाला?"

"तुला कुठं दाखवायचा होता?" आई फणकारली. "हिला दाखवायचा होता, मीबी तिकडंच बघते म्हणून."

वहिनी बाहेर गेली. त्या संध्याकाळी पणतीचं तोंड उत्तरेकडे होतं. या खेपेला ते तिनेच फिरवलं होतं.