गुरुवारी ताम्हिणी उतरताना

किस्से हे चाकणच्या चौकातल्या ट्रकसारखे असतात. एक अडला की मागे रांग लागते. मुद्दाम आठवायला बसलं तर एकही येत नाही. पण कुणी नुसतं 'घाट' म्हटलं, की पहिला येऊन थांबतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, हॉर्न वाजवत. पुढचा हलल्याशिवाय मागच्याला वाट नाही. म्हणून आज सांगूनच टाकते.

आमचा ग्रुप छोटा. गुलाबराव तापकीर चऱ्होलीचे, जुन्या शेतकरी घरातले. पांचाळ लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला. नेहा माणला राहते, आयटीत आहे, आमच्यात सगळ्यात लहान. आणि सतीश, माझा नवरा, क्वालिटी डिपार्टमेंटचा. मी त्याच्या मागच्या सीटवर. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आम्ही गुरुवारी निघायचो. रविवारी घाटात जत्रा असते. गुरुवारी घाट रिकामा, धुक्यात अर्धवट झोपलेला.

सतीश गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली. लोक आधी विचारतात, "गाडीवर?" नाही. घरी, अंथरुणावर, आजारपणात. हे ऐकून काही जणांची थोडी निराशा होते.

त्याच्या मागे बसून मी ताम्हिणी कितीतरी वेळा उतरले, पण घाट पाहिला कधीच नाही. भीतीने मी फक्त त्याच्या जॅकेटची पाठ बघत असे. तो गेल्यावर गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. बेंगळुरूहून मुलगा म्हणाला, "आई, उभी राहून खराब होईल. मामाला देऊन टाकू या." मी म्हटलं, "पुढच्या दिवाळीपर्यंत थांब. मी एकदा ताम्हिणी उतरते. नाही जमलं तर दे."

बोलून गेले खरी. तेव्हा मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं!

*

सतीशचा नियम एकच होता. ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. उतारावर गाडीला इंजिनने धरून ठेवायचं, ब्रेकला नुसतं मदतीला घ्यायचं.

एकदा पांचाळांच्या कंपनीतला एक नवा माणूस आमच्याबरोबर आला. घाटमाथ्यावर त्याने इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि उताराला लागणार, तेवढ्यात सतीशने हात आडवा घातला.

"हे काय?"

"पेट्रोल वाचतं ना सर! गाडी आपोआपच जाते खाली."

सतीश शांतपणे म्हणाला, "वाचतं. पण वाचलेलं पेट्रोल वापरणार कोण?"

त्या माणसाने किक मारली.

*

दुसरी गोष्ट नजरेची. वळणावर जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. दरीकडे बघायचं नाही, समोरच्या ट्रककडे बघायचं नाही, वळण जिथे संपतं तिथे बघायचं. सतीश हे सगळ्यांना सांगायचा.

गुलाबरावांचा यावर विश्वास नव्हता. "आवो, नजरंचा आन् गाडीचा काय संबंध? हँडल हातात हाय ना माझ्या!"

त्याच दिवशी एका वळणाच्या बाहेरच्या अंगाला भज्यांची गाडी उभी होती. तेल तापलेलं, वास रस्त्यावर आलेला. आम्ही सगळे वळलो. गुलाबराव वळले नाहीत. सरळ गेले, रस्ता सोडून मुरमावर आले आणि बरोबर भज्यांच्या कढईसमोर येऊन थांबले. बाई जराही दचकली नाही. म्हणाली, "बसा, घाणा निघतोयच."

आम्ही घाबरून परत फिरलो, तर हे बाकड्यावर!

"काय झालं गुलाबराव?"

"काय न्हाई. संबंध हाय म्हनायचा." आणि प्लेट आमच्यापुढे केली.

*

मागच्या सीटवरच्या माणसालाही काम असतं. गाडी झुकते तिकडे झुकायचं. मला ते जमत नसे. गाडी डावीकडे कलली की मी तिला सावरायला उजवीकडे कलायची. घाटभर आमची अशी ओढाताण चालायची.

एका वळणानंतर सतीशने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता ओरडणार. समोर मुळशीचं पाणी होतं. त्यावर धुक्याचा एक पट्टा होता, ना वर जाणारा, ना खाली येणारा. बराच वेळ तो तेच बघत होता. मग हेल्मेटची काच वर करून एवढंच म्हणाला, "आपण दोघं एकाच गाडीवर आहोत ना?"

*

पांचाळांचा किस्सा खंडेनवमीचा. त्या दिवशी इकडे सगळ्या कंपन्यांतून मशीनची पूजा होते. टूलरूममध्ये मशीन आधी लख्ख पुसतात आणि गंज चढू नये म्हणून उघड्या लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवतात. पांचाळांचा हात इतकी वर्षं तेच करत आला आहे. घरी येऊन त्यांनी आपली बाइकही पूजेला घेतली. धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला आणि जिथे जिथे उघडं लोखंड दिसलं तिथे तेल लावलं. पुढच्या ब्रेकची डिस्कही उघडं लोखंडच!

दसऱ्याला सकाळी आम्ही ताम्हिणीत. पहिल्याच वळणावर पांचाळांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडीला त्याचा पत्ताच नाही. नशिबाने मागचा ब्रेक होता आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती. पहिला टाकून ते कसेबसे कडेला थांबले. सतीशने डिस्कवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला.

"पांचाळ, तेल?"

"गंज चढू नये म्हनून लावलो सर."

जवळ होतं तेवढ्या साबणाच्या पाण्याने धुतलं, पण पॅडनेही तेल प्यायलेलं. शेवटी पांचाळ पहिल्या गियरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, हार घातलेल्या गाडीवरून घाट उतरले. त्यांच्यामागे आम्ही आणि आमच्यामागे एसटी. एका रुंद वळणावर एसटी शेजारी आली, तेव्हा खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडून विचारलं, "नवसाचं हाय का वो?"

पांचाळ हँडलवरची नजर न काढता ओरडले, "आत्ताच बोललो मावशी! आत्ताच!"

*

आमच्याकडे उतरण्याचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात हळू उतरणारा सगळ्यात पुढे. तो मागे राहिला तर पुढच्यांना गाठायला म्हणून जोर करतो, आणि वळण चुकतं. पुढे असला की आपल्या चालीने उतरतो, बाकीचे अंतर ठेवून मागून येतात. ओव्हरटेक नाही.

पद्धत चांगली, पण 'मी सगळ्यात हळू' असं कबूल कोण करणार? घाटमाथ्यावर पुरुषमंडळी हातमोजे घालायची, काढायची, पुन्हा घालायची. पुढे कुणीच जायचं नाही.

नेहाने तोडगा काढला. "पुढे जाणाऱ्याला आपण साहेब म्हणायचं."

"का गं?"

"सगळ्यात हळू, पण सगळ्यात पुढे. ऑफिसात तरी वेगळं काय असतं?"

तेव्हापासून पुढे जायला भांडणं होतात!

*

नेहाला गुरुवारची सुट्टी नसते. तिचं 'वर्क फ्रॉम होम' असतं. लॅपटॉप गाडीच्या बॅगेत आणि मुळशीच्या अलीकडे जिथवर नेटवर्क येतं तिथवर मीटिंग.

एकदा कठड्यावर लॅपटॉप ठेवून ती गंभीरपणे बोलत होती. वारा सुटलेला. पलीकडून तिचे मॅनेजर म्हणाले, "नेहा, तुझ्या मागचं झाड हलतंय."

"व्हर्च्युअल बॅकग्राउंड आहे सर."

"आणि त्या झाडाखाली कुणीतरी कणीस खातंय."

आम्ही वळून पाहिलं. गुलाबराव होते.

नेहा म्हणाली, "हो सर. नवीन व्हर्जन आहे."

*

मला गाडी शिकवली गुलाबरावांनी, चाकणच्या एमआयडीसीत, गुरुवारीच. बंद कारखान्यांमधले ते रुंद रिकामे रस्ते मला अजून स्वप्नात दिसतात. एरवी जिथे कंटेनरशिवाय काही दिसत नाही, तिथे दुभाजकातल्या कण्हेरीवर पक्षी बसलेले असतात आणि मोठमोठी गेटं डोळे मिटल्यासारखी उभी असतात.

"वैनी, ब्रेक आवळायचा न्हाई," गुलाबराव पळत पळत सांगायचे. "मागायचा. हळूच मागितला की गाडी देती."

एका कंपनीच्या भोवती मी सकाळपासून गोल फिरत होते. प्रत्येक फेरीला गेटवरचा वॉचमन जरा जास्त काळजीने बघायचा. शेवटी तो रस्त्यावर आला आणि हात करून मला थांबवलं.

"मॅडम, आज छुट्टी है. इंटरव्यू है तो कल आइए."

*

चढायला मी लवकर शिकले. चढताना समोर आभाळ असतं, गाडी स्वतःच हळू होते. घाटमाथ्यापर्यंत मी सगळ्यांबरोबर जायची आणि तिथे इंजिन बंद करायची. दर वेळी ठरवून निघायची, आणि पहिला उतार दिसला की माझा हात किल्लीकडे जायचा. ही मंडळी खाली जाऊन परत येईपर्यंत मी कठड्याजवळच्या दगडावर बसून राहायची. दरीतून धुकं वर यायचं, रस्ता पुसायचं, गाडी पुसायचं. मग मी, हेल्मेट आणि पाखरांचे आवाज.

कुणी कधी 'चला' म्हणालं नाही. पांचाळ मात्र दर वेळी खालून काहीतरी घेऊन यायचे. कधी करवंदं, कधी रानफुलं. एकदा माझ्या हातावर जांभळं ठेवून म्हणाले, "खाली काही विशेष नाही बगा वैनी. हेच झाडं हायेत. फक्त तिकडून दिसतेत."

पाऊस संपला. दसरा गेला. मुलाने फोनवर सहज विचारलं, "मामा दिवाळीत येतोय. गाडीचं काय सांगू?"

मी म्हटलं, "अजून एक गुरुवार आहे."

*

त्या गुरुवारी घाटमाथ्यावर मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर पुन्हा चालू झालं नसतं. गाडीचं नाही, माझं.

मागे वळून म्हटलं, "मी पुढे जाते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं केलं. गुलाबराव म्हणाले, "जावा. आमी दिसनार न्हाई एवढ्या लांबनं येतो."

दुसरा गियर. इंजिनने गाडी मागून पदर धरावा तशी धरून ठेवली. पहिल्या वळणाआधी वेग कमी केला, हॉर्न दिला, आणि वळण जिथे संपतं तिथे पाहिलं. तिथे रस्ता होता. पुढच्या वळणापलीकडेही होता. इतकी वर्षं इथून गेले आणि मला माहीत नव्हतं, की उजवीकडच्या कातळावरून पाण्याची एक बारीक धार नोव्हेंबरातही उतरते, की एका जागी झाडं दोन्हीकडून वाकून रस्त्यावर हिरवी सावली धरतात, आणि त्या सावलीत शिरताना थंडी आधी मनगटांना कळते. धुकं माझ्या पुढे पुढे सरकत होतं. मी पोचले की ते जागा करून द्यायचं. गाडी डावीकडे झुकली, मी तिच्याबरोबर झुकले. भीती होती. पण ती मागच्या सीटवर बसली होती आणि जिकडे मी झुकेन तिकडे झुकत होती.

घाट कधी संपला कळलं नाही. हवा एकदम उबदार झाली, तेव्हा लक्षात आलं, कोकण लागलं.

खाली पोचलं की रस्त्याकडेला एक चहाची टपरी आहे. सतीश तिथे थांबल्याशिवाय कधी पुढे गेला नाही. तो गेल्यापासून बाकीचे तिथे थांबलेच नव्हते, आधी मन होईना म्हणून, मग वर मी एकटी बसलेली असायची म्हणून. खालच्या खाली गाड्या वळवून वर यायचे. मी टपरीपाशी गाडी स्टँडला लावली. टपरीवाल्या बाईंनी आधी गाडी ओळखली, मग हेल्मेट काढल्यावर मला.

"अगं बाय! किती दिसांनी! आन् गाडी तुमी चालवलीत? भाऊ नाय आले?"

मी सांगणारच होते. वाक्यही तयार होतं. दोन वर्षांत ते पाठ झालं आहे. पण तोंडातून निघालं, "येतायत मागून."

"मग त्यांचा बिनसाखरेचा ठेवते," म्हणून त्यांनी दुसऱ्या बर्नरवर छोटं पातेलं चढवलं.

वळणावरून एक इंजिन ऐकू आलं. बाईंनी मान वर केली. नेहा होती. "काकू! उतरलात!" ती गाडी नीट न लावताच धावत आली. मग पांचाळ. त्यांनी आधी माझ्या गाडीच्या डिस्कजवळ हात नेला, उष्णता बघितली आणि मान डोलावली. शेवटी गुलाबराव, डोळे पुसत. धूळ गेली म्हणाले.

बाईंनी चहा गाळला, ग्लास हातात दिले. मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. वळणापाशी थोडं धुकं होतं.

"आन् भाऊ?"

नेहाने माझ्याकडे पाहिलं. पांचाळांनी ग्लास खाली ठेवला. मी छोट्या पातेल्याकडे बघत होते. चहाला कढ येत होता.

गुलाबरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि वळणाकडे बघत म्हणाले, "येत्यात मावशे. आज निवांत उतरत्यात."

बाईंनी गॅस बारीक केला.