हवा सोडलेली चाकं

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लोखंडी शिडी चढणं. न्हाणीच्या स्लॅबवर गादी टाकली होती. आम्ही आफ्रिकेत फिरायला जाणार होतो; तिथं भाड्याच्या गाडीच्या टपावर तंबू असतो, झोपायला रोज शिडीनं वर जावं लागतं, म्हणून हा सराव. ती आधी चढली. वरून म्हणाली, "जमादार, तुम्ही पडलात तर पंचनामा कोण लिहिणार?"

"तू लिही. पंच म्हणून शेजारीण बोलाव."

वर बसून शेंगदाणे खाल्ले, खाली उतरलो. त्याच आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं. शिडी तशीच भिंतीला राहिली.

ह्या सगळ्याचं मूळ एका केसमध्ये आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता पुसट झाले. नदीतली ती जीप मात्र काल पकडल्यासारखी समोर उभी राहते. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिखाणाची सवय स्टेशन डायरीपुरती. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी मुदखेडच्या बाजूला, गोदावरीकाठच्या एका ठाण्यात होतो. वाळूचोरांनी नदी पोखरून काढली होती आणि वरून रोज विचारणा व्हायची. आमचा खबऱ्या पात्रात टरबुजाची वाडी लावायचा. तो सांगत आला, "साहेब, पहाटं पहाटं एक जीप उतरून राहिली. फावडं हाय, फळ्या हायत. अन् बाई बी हाय सोबत."

बाई आहे म्हटल्यावर आमचे शिपाई म्हणाले, टोळी पक्की. नाक्यावर कुणी अडवू नये म्हणून बाईला पुढं बसवायची चोरांची रीतच असते.

दोन शिपाई घेऊन मी टरबुजाच्या झोपडीमागं दबा धरला. उजाडता उजाडता जीप उतरली. कुणीतरी खाली उतरून एकेका चाकापाशी वाकलं, मग जीप मऊ वाळूत घातली. चाकं रुतल्यावर फावडं निघालं. मी शिट्टी मारली आणि आम्ही घेराव घातला.

फावडं हातात घेऊन एक पांढऱ्या केसांची बाई उभी. पदर खोचलेला. जीपमध्ये काळ्या चष्म्यातले तिचे मालक, म्हणजे नवरा. ते पळाले न्हाईत. आम्ही डाव्या अंगाला, अन् ते उजवीकडं तोंड करून विचारू लागले, "कोण हाय?"

मी दरडावलं, "वाळू कुठं टाकता?"

बाई म्हणाली, "वाळू आम्हाला कशाला? आम्ही रुतून राहिलो."

"कशाला रुतता?"

"बाहेर निघायला."

माझा शिपाई फस्सकन हसला. मी डोळे वटारले, जीप ढकलून बाहेर काढली आणि दोघांना जीपसकट ठाण्यात आणलं.

आमची पद्धत सोपी. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मालक पोस्टातून. दोघं म्हणाले, सराव. कशाचा, ते दोनदा विचारलं. मग बाई म्हणाली, नामिबियाचा.

शिपायानं विचारलं, "ते कोणत्या तालुक्यात येतंय?"

ठाणेदार साहेबांना एवढा वेळ नव्हता. "जीप सापडली, फावडं सापडलं. आता गुन्हा दाखल करा अन् मोकळे व्हा."

तोवर ताठ बसलेली बाई उठून उभी राहिली. "साहेब, गुन्हा दाखल झाला तर आमचा व्हिसा अडकंल. ह्यांची नजर जाऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, बघायचं ते वर्षाच्या आत बघून घ्या. ह्यांना जन्मभर एकच हौस, आफ्रिकेच्या वाळवंटातले हत्ती. ह्यांना आता गाडी चालवता येत न्हाई, म्हणून मी म्हातारपणी शिकले."

"मग चोरून का?"

"लेकाला कळलं तर चावी काढून घेईल."

ठाण्यात रडगाणी लई ऐकली होती. मी पलीकडच्या खोलीत मालकांकडं गेलो. म्हटलं, जाणार कसे ते सांगा. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि सुरू झाले. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. पहिला मुक्काम शहराजवळ, आल्याआल्या पळायचं न्हाई. पुढं मुरमाचा रस्ता, तिथं वेग मारला की गाडी उलटते. टाकी अर्धी असली तरी पंप दिसला की भरायची. पाणी जास्तीचं. दिवस बुडायच्या आत मुक्काम, अंधारात जनावर आडवं येतं. नकाशा वाचता येत न्हाई म्हणून त्यांनी रस्ता पाठ केला होता. बाई चालवणार, हे सांगणार.

बाईला विचारलं, तर जबाब तंतोतंत जुळला. पण जुळवलेले जबाब बी मी पाहिले होते.

म्हणून पंचनाम्याला जीपपाशी गेलो. चारही चाकं बसलेली. शिपाई म्हणाला, पंक्चर. मी म्हटलं, चारही? आत एका डबीत चाकांच्या व्हॉल्व्हची टोपणं नीट ठेवलेली. मागं पाण्याचा कॅन, सतरंजी, फळ्या. वाळूचा कण न्हाई. वाळूवाल्यांच्या गाड्या मी आयुष्यभर पकडल्या, त्यांची चाकं दगडासारखी टणक असतात. ओझं वाहायचं असतं. हवा सोडून चोरीला जाणारा चोर मी बघितला न्हाई.

बाईला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "हवा कमी केली की चाक पसरतं, मऊ वाळूत सहसा रुतत न्हाई; रुतलंच तर खाली फळ्या सरकवायच्या. परत भरायला पायपंप हाय. ते ह्यांचं काम."

मी साहेबांना म्हटलं, "ह्या चाकांवर वाळू भरली तर रिम खाली टेकंल, साहेब. रस्त्यापर्यंत बी जाणार न्हाई."

साहेब बाहेर आले, चाकाला लाथ मारून बघितली आणि हसले. "डायरीला नोंद घ्या अन् सोडा. बाई, हत्ती दिसला की फोटो दाखवायचा."

त्यांनी दाखवला. परत आल्यावर दोघं फोटो घेऊन आमच्या घरी आले. लाल खडकाच्या डोंगरांपुढं हत्ती आणि मालक. आमची हिनं पहिला प्रश्न केला, खायला काय नेलं? तेव्हापासून तिला नाद लागला. आपल्याकडं चित्ते आले ते त्याच देशातून, मग आपल्याला जायला काय धाड भरली, म्हणायची. आपल्या आषाढात तिकडं थंडी असते म्हणून दोन कानटोप्या आणल्या. मग ती शिडी आली.

ती गेल्यावर बरेच दिवसांनी तेच नवरा-बायको आले. मालकांची नजर आता पुरती गेलेली. ते म्हणाले, "जमादार, आम्ही परत जाऊन राहिलो. पाणवठ्यावर गाडी बंद करून बसलं की हत्ती पाणी पिताना आवाज येतो. तेवढा ऐकायचाय. पण हिचे गुडघे गेले. दुसरा ड्रायव्हर पाहिजे."

"मी कुठं येऊ? त्या टपावर मला एकट्याला झोप येईल का?"

बाई म्हणाली, "घरी तरी येऊन राहिली का झोप?"

मी चहा टाकायला उठलो, पण येतो असं म्हटलं न्हाई. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

नोकरीत आम्ही धरून चालायचो की माणूस काही लपून करतो म्हणजे ते वाईटच असणार. त्या जीपनं शिकवलं की लोक हौस बी लपूनच करतात, कारण अडवणारं कुणीतरी घरातच असतं. माझ्या घरात तर आता अडवणारा मीच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी भिंतीची शिडी काढली, माझ्या जुन्या गाडीच्या टपाला बांधली आणि नदीवर गेलो. चारही चाकांची हवा कमी केली. टोपणं आमच्या हिच्या सुपारीच्या डबीत ठेवली. मुद्दाम मऊ वाळूत गाडी घातली, रुतवली. हातानं उकरून शिडी चाकाखाली सरकवली आणि हळूच गिअर टाकला. गाडी शिडीवर चढली आणि बाहेर आली.

काठावरून एक नवा शिपाई ओरडत आला, "ओ बाबा! काय चोरून राहिलात?"

मी म्हटलं, "आधी चाकं बघ, मग विचार."