ताईच्या नावाची खाती

माझी थोरली बहीण अमेरिकेत उभा जन्म काढून पालघरजवळच्या आमच्या माहीमला परत आली, तेव्हा आनंदाच्या भरात मी जरा वेड्यासारखाच वागलो. भावोजी गेले होते, मुलगा-सून तिकडे आपल्या संसारात. "आता हितंच राहणार," असं ती ओटीवर टेकता टेकता म्हणाली आणि मी दुसऱ्याच दिवशी तिला पालघरला बँकेत नेलं. वाडीतल्या नारळ-पानवेलीचं खातं, तारापूरच्या कारखान्यात कमावलेली माझी ठेव, सगळीकडे ताईचं नाव जोडलं. बायको म्हणाली, "अवो, आता कुत्र्याच्या पट्ट्यावर पण घाला त्यांचं नाव." मी ऐकणाऱ्यातला नाही.

गाव तर माझ्या वरताण. देवीच्या जत्रेच्या मंडळात दोन गट, एकाच्या सहीवर दुसऱ्याचा भरवसा नाही. ताई कुणाच्याच गटातली नव्हती, म्हणून तिला खजिनदार केलं. देवीच्या खात्यावर आता आपली सही चालणार, या विचारानं ती नव्या नवरीसारखी लाजली. तिला इतकं खूश मी फार वर्षांनी पाहत होतो.

त्या वर्षी ती म्हणाली, "चला, तिकडचं टॅक्सचं विवरणपत्र भरण्यातनं सुटले एकदाची. माझं आता तिकडं घर नाय, कमाई नाय." मीही मान डोलावली. कुंभवलीच्या माझ्या एका सोबत्याचा मुलगा नोकरीच्या व्हिसावर जाऊन परत आला होता, त्याला पुढे कुणी काही विचारलं नव्हतं. हे उदाहरण मी तिला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. पण पुढच्याच व्हिडिओ कॉलवर भाच्यानं विचारलं, "आई, यंदाचं भरलंस ना?" आणि माझा तोरा तिथंच उतरला.

मग बोईसर गाठलं. आमच्या सीए बाईंनी तिकडच्या एका जाणकाराला विचारून ठेवलं होतं. व्हिसावर गेलेला माणूस परत आला आणि तिकडची कमाई थांबली, की मोकळा. ग्रीनकार्डवाल्यानं कार्ड रीतसर परत केलं, की बहुतेक तोही मोकळा. "पण ताई तिकडच्या नागरिक आहेत. नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहो, उत्पन्न तिकडच्या मर्यादेवर गेलं की विवरणपत्र भरायचं. इथं भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे खिशातून फारसं काही जात नाही. शिवाय अमेरिकेबाहेरच्या खात्यांची मिळून रक्कम ठरावीक आकड्यावर गेली, तर ती सगळी खाती तिकडच्या सरकारला वेगळी कळवायची."

"माझी ठेव मी रसायनांचा वास खात जमवली," मी तडकलो, "तिचा अमेरिकेशी काय संबंध?"

"काका, नाव तुम्हीच जोडलंत."

"आणि देवीचं खातं?"

"त्यावर त्यांची सही चालते ना? मग तेही."

ताईला हसू फुटलं. देवी पालघर तालुक्याची वेस न ओलांडता अमेरिकेत पोचली होती. मला मात्र हसू आलं नाही.

घरी येताच मी म्हणालो, "ते नागरिकत्वच सोडून दे. कटकट मिटेल."

"आणि नातीला बघावंसं वाटलं, तर व्हिसाच्या रांगेत उभी राहू?"

खरं म्हणजे कटकटीचं मला काहीच नव्हतं. तो पासपोर्ट कपाटात आहे तोवर ही कधीतरी उठून जाईल, याची मला भीती वाटत होती. इतकं साधं बोलता आलं नाही, म्हणून रागानं म्हणालो, "मग तुझं नाव काढून टाकतो सगळीकडनं. मंडळालाही सांगतो." ताई समोरच्या विड्याच्या पानांची चळत लावत राहिली.

सकाळी पासबुकं घेऊन स्कूटर काढली, तर ताई फाटकात उभी.

"लग्नानंतर हक्कसोडावर सही केली, तवा या घराच्या सगळ्या कागदांवरनं माझं नाव गेलं," ती म्हणाली. "तक्रार नाय, आपल्यात रीतच हाय ती. पण त्या दिवशी बँकेनं तुझ्या नावाखाली माझं नाव छापून दिलं, ते मी घरी येऊन कितींदा बघितलं, तुला ठाव नाय. दरसाल सगळी खाती लिहून कळवीन मी, देवीचं पण. नाव काढू नको."

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्कूटर वळवून आत घेतली आणि पासबुकं तिच्या हातात दिली.

"ठेव," म्हटलं, "तुझ्या पासपोर्टाजवळ."